दुपारी बाराचा कोकणकडा

भावजी : साडेचारला गाडी सुरू. साडेचार म्हणजे साडेचार. नारायणगाव, ओतूर, मढ, खुबी फाटा, खिरेश्वर. सव्वासहाला पायथा, चहा-पोहे, सातला चढायला सुरुवात. अकराला हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, बाराला कोकणकडा. तिथं भाकरी खायची आणि परत.

वहिनी : आणि धारा?

खोडदमधल्या एका ओट्यावर, रात्रीची जेवणं उरकल्यावर, वादाला हे असं तोंड फुटलं. भावजी चाकणला कारखान्यात नोकरीला. आठवडाभर पाळ्या करायच्या आणि रविवारी सह्याद्रीत पळायचं, हा त्यांचा शिरस्ता. वहिनी इथल्याच. दारात चार गाई, रानात टोमॅटो आणि कांदा, शिवाय बारावी सायन्सला चांगले मार्क असूनही पुढं न शिकल्याची बोच, जी त्या बोलून दाखवत नाहीत; मुलांच्या वह्या तपासताना ती दिसते. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले. मी पाहुणा. बेत रविवारचा, एका दिवसाच्या डोंगराचा.

भावजींनी कागदावर हरिश्चंद्रगडाची यादी केली होती. त्यात वेळा होत्या, माणसामागं तीन लिटर पाणी होतं, बॅटऱ्या होत्या, आणि पाच नावं होती : ते स्वतः, दादा, दोन्ही मुलं आणि मी.

वहिनी : यात मी कुठं आहे?

भावजी : तुम्हाला कसं जमणार, वहिनी? सकाळ-संध्याकाळ गाई आहेत. आम्ही आठपर्यंत येतोच. आल्यावर तुमच्या हातची मासवडी.

वहिनी : म्हणजे तुम्ही कोकण बघणार आणि मी बेसन हलवणार.

ही चेष्टा होती, पण निम्मीच. मासवडी करायला सोपा पदार्थ नाही. बेसन गुठळी न होता घोटायचं, ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून फडक्यासकट वळायचं आणि निवल्यावर वड्या पाडायच्या, रस्सा वेगळाच. जुन्नर-आंबेगावात पाहुण्याला मासवडी वाढतात तेव्हा कुणाची तरी अख्खी दुपार त्यात गेलेली असते. त्या दुपारचा हिशेब भावजींच्या वेळापत्रकात नव्हता.

वहिनी : मी सांगू? नारायणगड करू. सगळ्यांना जमेल.

भावजी : नारायणगड! तो तर तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. रोज दिसणारा डोंगर चढायला सुट्टी कशाला घालवायची?

वहिनी : खिडकीतून दिसतो म्हणूनच. मी एकदाच गेलेय वर, नवरात्रात. तेव्हा डोक्यात देवीची ओटी, उपास आणि उतरायची घाई. वरून गाव कसं दिसतं ते बघितलंच नाही.

भावजी : गाव काय बघायचं? गाव माहितीये. वहिनी, डोंगरावर जायचं ते जे घरी नाही ते बघायला. कोकणकडा तुम्ही बघितला नाही म्हणून असं बोलता. तो उभा कडा नाही, आत वळलेला आहे. काठावर पालथं पडायचं आणि मान बाहेर काढायची. खाली काहीच नसतं. वारा खालून वर येतो, तोंडावर. इंग्रजांच्या एका कर्नलनं तिथलं इंद्रवज्र बघून लिहून ठेवलं होतं.

भावजींचं हे बरोबर आहे. कर्नल साईक्स हे त्याचं नाव. दख्खनचा कानाकोपरा मोजून-तपासून पाहणारा माणूस. खालच्या धुक्यावर इंद्रधनुष्याचं पूर्ण कडं उमटलेलं आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली, असं ते दृश्य. जर्मनीतल्या ब्रोकेन नावाच्या डोंगराच्या नावानं जगात ते ओळखलं जातं. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात आणि ते पाहायला लोक हरिश्चंद्रगडावर रात्र काढतात. रात्र काढतात, हे महत्त्वाचं. वहिनींनी नेमकं तेच पकडलं.

वहिनी : सावली धुक्यावर पडायला ऊन कुठून हवं?

भावजी : पाठीमागून.

वहिनी : कड्याचं तोंड पश्चिमेला. म्हणजे ऊन पूर्वेचं, सकाळचं, तिरपं. तुम्ही पोचणार बाराला.

भावजी : इंद्रवज्र तर नशिबात असेल तर. सूर्यास्त असतो की.

वहिनी : सूर्यास्त सहानंतर. तुम्ही दीडला परत फिरणार, नाही तर तोलार खिंड अंधारात उतरावी लागेल. पोरं बरोबर घेऊन. मग बाराला तिथं काय दिसतं?

भावजी काही क्षण गप्प राहिले. बारा वाजता काय दिसतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. डोक्यावर ऊन, कोकणावर पांढुरकी झाक, डोंगरांचे पदर एकमेकांत मिसळलेले, आणि कड्याच्या काठावर फोटोसाठी रांग. कोकणकड्याला दोन वेळा आहेत, उगवतीची आणि मावळतीची. पायथ्यापासून एका दिवसात जाऊन येणारा माणूस बरोबर मधल्या वेळेला तिथं पोचतो. बेत आखणारे अंतर मोजतात, चढ मोजतात, पाणी मोजतात. ऊन कुठल्या बाजूनं येणार हे फार कमी जण विचारतात. माझ्या मते डोंगराच्या बेतात पहिला प्रश्न तोच असावा.

भावजी : मग पाचनईवरून जाऊ. ती वाट सोपी, दोन-अडीच तासांत देवळापाशी.

वहिनी : पाचनईला गाडी कशी जाणार? ब्राह्मणवाडा, कोतूळ, वळसा घालून. चढाचे वाचलेले तास रस्त्यात गेले.

भावजी : तुम्ही नकाशा पाठ केलाय का?

वहिनी : माझं माहेर त्या बाजूचं आहे.

मग मधले पर्याय निघाले. शिवनेरी मुलांचा शाळेच्या सहलीत झालेला. चावंड आणि हडसर चांगले, पण हडसरच्या खिळ्यांच्या वाटेची भावजींनी इतकी रसभरीत वर्णनं केली की वहिनींनी मुलांकडे बघून मान हलवली. हडसरला पायऱ्यांची वाटही आहे, हे भावजी सोयीस्कर विसरले. जीवधन-नाणेघाटाचं नाव निघालं. दादांनी पहिल्यांदाच तोंड उघडून सांगितलं की रविवारी नाणेघाटात माणसांपेक्षा गाड्या जास्त असतात. ढाकोबाचा विषय भावजींनीच काढला आणि त्यांनीच मागं घेतला. तिथं वाट माहीत असलेला माणूस बरोबर लागतो.

भावजी : बरं, नारायणगड. धरून चालू. तासाभरात माथा. वर काय आहे? खडकात खोदलेली टाकी, पडका वाडा, एक कोरीव चौकट, देवीचं देऊळ. बालाजी विश्वनाथांच्या वेळचा गड, मान्य. पण अर्ध्या तासात बघून होतो. मग उरलेला वेळ करायचं काय?

वहिनी : बसायचं. डिश बघायच्या.

भावजी : डिश? त्या तर दारातून दिसतात!

वहिनी : दारातून एक दिसते, दोन दिसतात. रानात गेलं की तिसरी. मला त्या एकत्र बघायच्यात. तीस आहेत. मधल्या चौदा एका किलोमीटरच्या चौकोनात, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर लांब लांब पसरलेल्या. पुस्तकात चित्र असतं, वाय अक्षरासारखं. मी त्या अक्षराच्या पोटात राहते आणि मला ते अक्षर दिसत नाही.

या वाक्याशी मी थांबलो. खोडदची रेडिओ-दुर्बीण, म्हणजे या तीस डिश, पाहायला लोक पुण्या-मुंबईहून येतात आणि एका डिशखाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघतात. पंचेचाळीस मीटर व्यासाची ती तबकडी जवळून पाहिली की पहिल्यांदा बुचकळ्यात टाकते, कारण तिला पत्रा नाही. पोलादी दोऱ्या ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवलेली. तारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर. वारा आरपार जातो, म्हणून एवढा मोठा सांगाडा हलका राहिला आणि तीस-तीस उभारणं परवडलं. ही युक्ती रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्याआधी स्वरूपांनी उटीला अशी दुर्बीण बांधली होती, की जिच्यासाठी डोंगराचा उतारच कामाला लावला : त्या जागेच्या अक्षांशाइतका, सुमारे अकरा अंशांचा उतार निवडून त्यावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उत्तर-दक्षिण आडवी टाकली. उटीला डोंगराची पाठ उपयोगी पडली. खोडदला आजूबाजूच्या डोंगरांचं कुंपण उपयोगी पडलं. शहरांचा रेडिओ-गोंगाट ते अडवतात. जागा निवडण्याची आणखीही कारणं होती, अक्षांश, पुण्याची सोयीची जवळीक. पण कुंपणाचं कारण जमिनीवर उभं राहून समजत नाही. त्यासाठी उंचीवर जायला हवं, आणि ती उंची गावाच्या बाजूलाच आहे.

म्हणून वहिनींची बाजू मला नुसती सोयीची वाटली नाही. भावजींच्या मते डोंगर माणसाला घरापासून दूर नेतो. खोडदपुरतं तरी, घर कशामुळे इथं असं आहे ते डोंगरावरून कळतं.

भावजी मात्र सहज सोडणारे नव्हते. त्यांनी दुखरी जागा काढली.

भावजी : त्या डिशपायी आपली रेल्वे गेली, ते विसरू नका. पुणे-नाशिक गाडी नारायणगावावरून जाणार होती. मी चाकणहून रोज घरी आलो असतो. आता मार्ग शिर्डी-अहिल्यानगरकडून म्हणतात. आणि तुम्ही त्या डिशचं कौतुक बघायला गड चढणार?

वहिनी : कौतुक कोण म्हणालं? टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात जाताना ट्रॅफिकमध्ये मीच बसते. रेल्वे मलाही हवी होती. पण ज्या गोष्टीपायी गेली ती गोष्ट एकदा नीट बघू तरी द्या.

भावजी : बघून काय होणार?

वहिनी : भांडायला बरं पडतं. माहिती असली की.

दुर्बिणीच्या शेजारानं इथं काय काय थांबलं आणि काय काय मिळालं, हा वेगळा लेख आहे आणि तो लिहायला इथल्याच कुणीतरी बसावं. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती १९५८पासून रेडिओ-शांतता क्षेत्र आहे. तिथल्या लोकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या ओळखीच्या वाटतील. तूर्त एवढंच, की २०२३च्या सुरुवातीला एक बातमी आली होती : खोडदच्या दुर्बिणीनं सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश टिपला. त्या संदेशापुढं बांधावरच्या माणसाच्या खिशातला मोबाइल म्हणजे ढोल-ताशा. दुर्बिणीच्या आवारात जाताना फोन बंद करायला लावतात ते त्यासाठी.

आणि इथं, गडावरही फोन बंद ठेवावा म्हटल्यावर, एक विचित्र पेच निघाला.

भावजी : फोन बंद ठेवायचा तर वाट कशी बघणार? माझा सगळा ट्रॅक त्यात आहे.

वहिनी : गडाच्या वाडीतून वर जायला ट्रॅक लागतो होय?

भावजी : फ्लाइट मोडवर टाकतो. नकाशा आधीच उतरवून घेतलेला असतो, सिग्नल जात नाही. चालेल?

वहिनी : चालेल. पण सकाळी अंधारात निघायचं नाही. इथं सगळे उसाच्या कडेनं जाताना फोनवर मोठ्यानं गाणी लावतात, बिबट्या बाजूला व्हावा म्हणून. तुम्ही फोन गप्प करणार आणि अंधारात चालणार, हे दोन्ही एकदम जमायचं नाही.

जुन्नर वनविभागात बिबट्या ही बेतात धरायचीच बाब आहे, घाबरवायला नव्हे. ऊस वाढला तसा त्याला आडोसा मिळाला आणि तो शिवारातच राहू लागला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, त्यावरून प्रमाण समजावं. इथल्या बायका काय पाळतात ते शहरी ट्रेकरनं ऐकावं : एकट्यानं जायचं नाही, पोर पुढं पळू द्यायचं नाही, शिवारात वाकून-बसून राहायचं नाही, बोलत चालायचं. भावजींच्या यादीत हे नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हस्ताक्षर जरा नरमलं होतं.

पण वहिनींचाही एक हट्ट इथं मोडला. त्यांचं म्हणणं होतं, गावचाच गड आहे, त्याला कसला बेत? चपला घालायच्या आणि निघायचं.

भावजी : चपला नाही. तिथंच माझं तुमचं बिनसतं. लोक हरिश्चंद्रगडावर जपून जातात आणि घरामागच्या टेकडीवर पाय मोडून घेतात. वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. त्यांच्यावर बारीक माती बसते, उतरताना चप्पल सुटते. मुलांना शाळेचे बूट, तुम्हाला काहीतरी पट्ट्याचं. आणि वर टाक्यातलं पाणी प्यायचं नाही, पाणी इथून न्यायचं.

वहिनी : दोन बाटल्या घेते.

भावजी : माणशी दोन लिटर. फेब्रुवारीचं ऊन दहाला चावायला लागतं. आणि अत्तर नको, उदबत्ती नको, धूर नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात.

वहिनी : देवीला उदबत्ती नको?

भावजी : नारळ फोडा. उदबत्ती घरी येऊन लावा.

वहिनींनी ते मानलं, पण ओठ दुमडून. यात मी भावजींच्या बाजूचा आहे. ओळखीच्या डोंगराला माणूस गृहीत धरतो. मोठ्या गडाला जितकी शिस्त लावतो तितकी घरच्या गडाला लावायला लाजतो.

मग बेत झपाट्यानं ठरला. धारा नेहमीसारख्या साडेपाचला. दूध डेअरीत घालून सातला सगळे मोकळे. गडाच्या वाडीपर्यंत गाडी. दादांच्या आई तिथं ओळखीच्या घरी बसतील, गुडघे दुखतात म्हणून. साडेसातला चढ, नऊच्या आत माथा. ऊन त्या वेळी पूर्वेचं असतं. पाठीवर घेऊन पश्चिमेकडं बघितलं तर हवा निवळ असेल त्या दिवशी शिवनेरीच्या बाजूचे डोंगर ओळखता येतात. मग तोंड फिरवून डिशकडं. दुर्बिणीचं काम चालू असेल तर त्या सगळ्या एकदम, सावकाश, एकाच दिशेला वळतात. साडेदहाला उतरायला लागायचं.

दादा : सगळ्या तीस दिसतील का गं वरून?

वहिनी : नाही दिसणार. फाट्यांवरच्या लांब आहेत, काही डोंगराआड. मधल्या दिसतील. बाकीच्या कुठं असतील ते बोटानं दाखवता येईल.

मोठ्या मुलानं मध्येच विचारलं की मग विज्ञान दिनाचं प्रदर्शन? दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमाराला दुर्बिणीचं आवार लोकांना खुलं होतं, जिल्ह्याजिल्ह्यातून शाळांच्या बस येतात, खोडदचा रस्ता फुलून जातो. भावजींना एकाच दिवशी दोन्ही करण्याची हौस आली. वहिनींनी ती तिथंच मिटवली : आधी वरून बघायचं, आठवड्यानं खाली जाऊन विचारायचं. मुलांनी वरून बघून प्रश्न काढायचे आणि प्रदर्शनातल्या शास्त्रज्ञांना ते विचारायचे. शिक्षिका झाल्या असत्या तर चांगल्या झाल्या असत्या.

भावजी : ठीक आहे. पण एक सांगतो. कोकणकडा मी सोडलेला नाही.

वहिनी : सोडू नका. नीट करा. मुक्कामाचा करा.

भावजी : डिसेंबरात. शनिवारी दुपारी वर, संध्याकाळ कड्यावर, पहाटे पुन्हा कड्यावर. केदारेश्वराची गुहा मुलांना दाखवू. पाण्यात पिंड आहे, चार खांबांतला एकच धड उरलाय. तारामतीवर जाऊ.

दादा : दोन दिवस गाई मी बघतो.

हे दादांनी सुपारीवरची नजर न काढता म्हटलं. भावजींनी यादी उलटी केली, कोऱ्या बाजूला 'डिसेंबर' लिहिलं आणि पहिलं नाव वहिनींचं घातलं.

भावजी : तुमच्यासाठी पाचनईनं जाऊ. वळसा पडला तरी चालेल, वाट सोपी आहे.

वहिनी : माझ्यासाठी कशाला? खिरेश्वरनं जायचं. तोलार खिंडीतून.

भावजी : चार तासांचा चढ आहे, वहिनी. वर कातळटप्पा आहे, रेलिंग धरून चढावं लागतं. आणि चप्पल तर मुळीच नाही. ॲक्शनचे बूट लागतात.

वहिनी : पाच नंबर. नारायणगावात नाही मिळाले तर चाकणहून घेऊन या.